तुझ्या लेकीचाही डोळा लाल झालाय

प्रिय आक्का,

नांदेडच्या डोळ्याच्या दवाखान्यातून पूजाला घेऊन संध्याकाळी अहमदपूरला पोचले. ती आत पडलीय. तुला नाही सांगायचं तर कुणाला? तुझ्या लेकीला तुझाच आजार झालाय गं!

आधी वाटलं, डोळे आले असतील. पण "मावशे, लई दुखायलंय, उजेड नको," म्हणाली आणि मला तू आठवलीस. शिलाई मशीनवर बसून तूही असाच डोळ्यावर पदर दाबून धरायचीस. वर आम्हालाच हसवायचीस. कशाला हसवायचीस गं?

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशी डोळ्याला परका समजतात आणि त्याच्यावर उठतात. औषधानं लाली उतरते, पण काही पेशी तिथंच ठाण मांडून राहतात. निमित्त मिळालं की पुन्हा सुरू! म्हणून तुझा डोळा बरा व्हायचा अन् परत बिघडायचा. आपण मात्र दृष्टच काढत बसलो.

"माझ्याच पेशी माझ्यावर का उठल्या?" पूजानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "बाळा, ते अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही."

आणि त्यांनी गोळी लिहून दिली. त्या पेशींना आवरणारी. आक्का, तीच गोळी! तिनं तुझी नजर राखली, पण अंगातली लढायची ताकदही कमी केली. न्यूमोनिया झाला तरी लग्नाचे ब्लाउज द्यायचेत म्हणून तू ताप अंगावर काढलास. एका शब्दानं सांगायचं होतंस! लातूरला नेईपर्यंत तुला श्वास पुरेना.

"ती गोळी चालू असतानाच माझी बहीण गेली," मी बाईंना म्हणाले. फक्त पाय धरायचे बाकी ठेवले.

"गोळी नाही दिली तर हिची नजर जाईल. द्या, आणि ताप आला की त्याच दिवशी घेऊन या."

एकीकडं पोरीचे डोळे, दुसरीकडं तिचा जीव. मी काय करू गं? कुणाला विचारू?

घरी आल्यावर शेवटी पूजानंच माझ्या हातातली गोळी घेतली. "मला दिसायला पाहिजे, मावशे," म्हणाली आणि गिळली.

तेव्हापासून मी सारखी उठून तिचं कपाळ बघायलेय. गार आहे. आत्ता तरी गार आहे.

आक्का, तिला ताप लपवू देणार नाही. अंग जरा कोमट लागलं तरी असेल तशी उचलून नेईन, मग घरात लग्न असो की मयत. तू फक्त एक कर. तिला इतक्यात बोलावू नकोस.

तुझी,
सुमी