हॉटेलवाल्यांचा कप नको

पप्पा, मी सरळ नाही म्हणाले. गेल्या आठवड्यात हॉटेलच्या टीमच्या त्या वेळच्या कप्तानाचा फोन आला होता. आता म्हातारा झालाय, आवाज मात्र तोच, मैदानाच्या त्या टोकावरून ओरडल्यासारखा. म्हणाला, "अगं, यंदापासून शुक्रवारच्या लीगमध्ये तुझ्या पप्पांच्या नावाने कप ठेवतोय आम्ही. खिलाडूवृत्तीचा. तुझ्या हातून द्यायचा." मी म्हटलं, "त्यांचं नाव तुमच्या कपावर नको." तो हसला. "तीस वर्षं झाली गं. खलास कर की आता!" "खलास नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझा मुलगा शेजारीच बसला होता. "इट्स जस्ट फुटबॉल, मम्मा," म्हणाला.

त्याला सांगायचं तर इथे आखातात आलो तेव्हापासून, पार गुदैबियातल्या आपल्या दोन खोल्यांपासून सुरुवात करायला हवी. तुम्ही हॉस्पिटलात एक्स-रे काढायचात, आणि शुक्रवारी सकाळी चर्च आटोपलं की आपण ईसा टाउनच्या पलीकडच्या त्या वाळूच्या मैदानावर. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टीम बऱ्याच होत्या, पण आपल्या लेखी दोनच: आपले हॉस्पिटलवाले आणि ते हॉटेलवाले. ते एसी बसमधून उतरायचे, एकसारख्या मरून रंगाच्या जर्सी, थंड टॉवेल, सँडविचचे डबे. आपल्या हिरव्या जर्सी धुऊन धुऊन अकरा रंगांच्या झालेल्या. आपला कोणी पडला की ते ओरडायचे, "अँब्युलन्स बोलवा रे!" त्यांचा गोलकीपर चुकला की आपली बाजू एका सुरात, "वेटर, बिल आणा!" तुम्ही हसायचा नाहीत, पण तुमचे खांदे हलायचे. चर्चमध्ये एका बाकावर बसणारी माणसं त्या दीड तासात एकमेकांना पाणीसुद्धा देत नसत.

वरच्या डिव्हिजनमध्ये एकच टीम जायची, आणि त्या वर्षी शेवटचा सामना आपला, त्यांच्याशीच. बरोबरी झाली असती तरी आपण वर गेलो असतो. लीगची रीत अशी की दोन्ही टीमनी आपापला एकेक लाइन्समन द्यायचा. आपल्याकडून झेंडा तुमच्या हातात. अजून एकही गोल नाही, पाच मिनिटं उरलीत. त्यांचा कप्तान लांबून मारतो, चेंडू वरच्या दांड्याला लागून खाली आपटतो, उसळून बाहेर येतो, आपला गोलकीपर तो झडप घालून पोटाशी धरतो. रेफरी तुमच्याकडे बघतोय. सगळं मैदान तुमच्याकडे बघतंय. आणि तुम्ही झेंडा खाली धरून मधल्या रेषेकडे पळत सुटता. म्हणजे गोल. म्हणजे ते वर आणि आपण तिथेच.

गाडीत मी किंचाळले होते, "त्या वेळी दुसरीकडे बघता येत नव्हतं?" तुम्ही गिअर बदलत म्हणालात, "दिसलं मला. मग काय करू?" मी चौदा वर्षांची होते. त्या उत्तराने तेव्हा माझं समाधान झालं नाही, आजही होत नाही.

त्यानंतर हॉटेलवाले दिसतील तिथे तुम्हाला हाक मारायचे, "हा बघा आमचा बारावा खेळाडू!" आपले लोक तर हाकही मारेनासे झाले. पुढच्या मोसमात टीमच्या मीटिंगला तुम्हाला कोणी बोलावलं नाही. आपल्या घरी धुवायला आलेल्या जर्सी तुम्ही स्वतः इस्त्री करून, पिशवीत घालून देऊन आलात. दोन वर्षांनी तुम्ही त्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात शेवटचे दिवस काढत होतात, तेव्हा त्या अकरा जणांतला एकही जिना चढून वर आला नाही. आणि आता ह्यांना कप ठेवायचाय! ज्यांनी टिंगल केली त्यांच्या कपाटात तुमचं नाव? मी देणार नाही. मी अजून दर शुक्रवारी जाते, पप्पा. बँकेतली मॅनेजर बाई, उन्हाची टोपी घालून हिरव्या बाजूला बसते आणि मरून जर्सी दिसली की घसा बसेपर्यंत ओरडते. आपल्या टीममध्ये आता सगळे नवे, कोणी केरळचे, कोणी मनिलाचे. तुम्ही कोण हे त्यांना ठाऊकही नाही. तरी ओरडते. ओरडत राहणार.

काल वसईहून आईचा फोन होता. "कप का नको म्हणालीस? चांगलंच बोलत होते ना ते?" मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. हे पत्र तिलाही वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिलासुद्धा माहीत नाही. त्या सामन्याच्या संध्याकाळी ती ड्युटीवर होती आणि आपल्या टीमचे तिघे घरी आले होते. तुम्हाला त्यांनी काही विचारलं नाही. मला विचारलं, "तू गोलच्या मागेच बसली होतीस ना? खरं सांग, चेंडू आत गेला होता?" मी तुमच्याकडे बघत बघत सांगितलं, "नाही. रेषेवरच होता." ते उठले. तुम्ही त्यांना चहाचं विचारलंत, त्यांनी नको म्हटलं. दार लावून तुम्ही माझं ताट वाढलंत, आणि त्यावर एका शब्दाने कधी बोलला नाहीत.

चेंडू चांगला हातभर आत होता, पप्पा.