सीलबंद पाकिटातली आंघोळ

आई, आंघोळ केल्याशिवाय तू जन्मात कधी चुलीपुढं गेली नाहीस, आणि शेवटचे अकरा दिवस मी तुला आंघोळ घातली नाही. आयसीयूत ओल्या वाइप्सनं अंग पुसायची पद्धत. तू तोंड वाकडं करून म्हणायचीस, "ह्याला आंघोळ म्हणायची का गे? उकळून गार केलेलं दोन तांबे पाणी तरी घाल." मी चिडायचे. लॅबमध्ये जंतू शोधणं हेच माझं काम, त्याचा तोरा तो केवढा! "पाण्यात जंतू असतात आई, हे पाकीट सीलबंद येतं. तुला काय कळतंय त्यातलं?" मग तू पाठ पुढं करायचीस. नर्सला अंगाला हात लावू द्यायची नाहीस, म्हणून रोज मीच पुसायचे.

बारा वर्षं झाली त्याला. गेल्या महिन्यात इथंच, तंजावुरातल्या आमच्या इस्पितळात, एकाच वॉर्डातल्या चौघांच्या रक्तात एकच जंतू निघाला. नळ तपासले, बेसिन तपासलं, डॉक्टरांचे हातसुद्धा तपासले, काही म्हणता काही सापडेना. शेवटी वॉर्डातली आयाम्मा तमिळमध्ये म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या आजींना बघा काही झालं नाही. त्या वाइप्स लावूच देत नाहीत, सून घरून गरम पाणी आणते." मी न फोडलेलं पाकीट लॅबमध्ये नेलं. तिसऱ्या दिवशी काचेची बशी त्याच जंतूंनी भरलेली. सगळे शाब्बास म्हणाले, पाकिटं परत गेली, नवा ताप कुणाला आला नाही. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन ओक्साबोक्शी रडले. मला तुझी पाठ दिसत होती, मणके वर आलेली, आणि तिच्यावरून फिरणारा माझा हात.

परवा तुझी जुनी फाइल काढली. रक्तात तोच जंतू. तेव्हाची पाकिटं आता कुठून आणू? परक्या कुणाचं असतं तर "पुरावा नाही" लिहून सही केली असती. तुझ्यापुढं तसं म्हणवत नाही गं. दोन तांबे पाणी मागितलंस, तेवढंही दिलं नाही मी.

मराठी तू फक्त बोलायचीस, वाचायचीस तमिळ. हे पत्र तुला वाचता आलं नसतंच, म्हणून तर लिहायला धीर झाला. काल तुझं श्राद्ध झालं. पानावर बसलेला धाकटा भाऊ आपल्या बायकोला कौतुकानं सांगत होता, "अक्कानं शेवटपर्यंत आईला किती स्वच्छ ठेवलं होतं!" मी त्याला आणखी भात वाढला.