दोरा नसलेला कारखाना

माय, डिंडोलीच्या आपल्या खोलीत साड्यांचे ढीग भिंतीला लागून असायचे. मशीनवर भरतकाम झालेल्या साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते दोरे तू कातरायचीस, आणि ते आमच्या केसांत, अंथरुणात, वरणात यायचे. एकदा दोरा निघाला म्हणून मी ताट सरकवलं. तू कात्री न थांबवता म्हणालीस, "दोरा ऊना म्हनीसन जेवन सोडस का? तुनी फी त्यावरच भरस मी." मी ताट परत ओढून घेतलं. तू गेल्यावर खोली रिकामी केली. तुझं काम सुटून दोन वर्षं झाली होती, तरी बिजागऱ्यांतून, स्विचबोर्डमागून रंगीत दोरे निघत होते.

आता बँकेसाठी मी मोठ्या खातेदारांच्या जागा बघायला जाते. मागच्या वर्षी बमरोलीत भरतकामाच्या एका कारखान्यात गेले. कागदावर तो वर्षभर चालू, साड्यांची विक्री डोळे फिरतील एवढी. मशिनं ओळीत उभी. मालक म्हणून इस्त्रीचा शर्ट घातलेला एक खानदेशी माणूस गप्प बसलेला. बोलत होता त्याचा गुजराती भागीदार. "बेन, माल कालच निघाला. चा पीशो ने?" मी मशीनखाली वाकले. फरशीच्या फटीत, पंख्याच्या जाळीत, दाराच्या बिजागरीत बोट फिरवलं. एकही दोरा नाही. मला हसू येत होतं, ते दाबलं. भागीदार चहा सांगायला गेला तेव्हा मालकाला विचारलं, "तुमनं गाव कोनतं, भाऊ?"

"शिरपूरकडलं." तो खाली बघत राहिला. "माले नावना पैसा देतस, ताई. बाकी माले काही माहीत नही."

बँकेत परतल्यावर आमचे मॅनेजर चिडले. "मॅडम, दोरा नाही म्हणून कोणी एवढं मोठं खातं अडवतं का?"

"मी अडवते."

"उद्या ते दुसऱ्या बँकेत गेले, तर वरच्यांना तुम्ही सांगायचं."

"सांगेन."

चौकशी झाली. चोरीचा पैसा उघड वापरायला तो कुठून आला याची एक सभ्य गोष्ट लागते, आणि जगभर ती विकत मिळते. इथे ती साड्यांची होती. फोनवरून फसवलेल्या म्हाताऱ्यांचा पैसा कधीच न झालेल्या साड्यांची किंमत म्हणून आत यायचा आणि कधीच न आलेल्या मशीनची किंमत म्हणून देशाबाहेर जायचा. नफा पडद्यामागच्यांचा, नाव आणि पकडलं गेल्यास तुरुंग शिरपूरच्या माणसाचा. पण बराच पैसा खात्यातच अडकला, म्हाताऱ्यांना तो परत मिळतो आहे. शिरपूरचा माणूस साक्षीदार झाला आणि पूर्वीसारखा कारागीर म्हणून चालत्या मशीनवर उभा आहे. मॅनेजर आता कुठेही गेले की पोट सावरत आधी टेबलाखाली वाकतात.

मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी भर सभेत विचारलं, "हे शिकलात कुठे?" मी सभेत कधी बोलत नाही. त्या दिवशी उभी राहिले आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी आई साड्यांचे दोरे कापायची."

हे पत्र तुझ्या कात्रीच्या डब्यात ठेवते आहे. आणि एक सांगते, माय. काल जेवताना मी वरणात चमचा फिरवून पाहिला. दोरा नव्हता. थोडं वाईट वाटलं.