खताच्या खड्ड्यासकट घर

मी, रत्ना उखर्डू भंगाळे, वय ४६, राहणार पिंप्राळा, जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजाराने शरीर खालावले आहे, डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मी हे लिहू नये असेच काहींना वाटते.

१. आम्हाला मूल नाही. मी काही लिहून ठेवले नाही, तर पतीने बांधलेले हे घर माझ्यामागे माझे दीर प्रेमराज यांच्याकडे जाईल. मला हे वकिलांनी सांगितले. प्रेमराज यांना आधीच ठाऊक होते.

२. घर, अंगण आणि मागचा खताचा खड्डा मी प्रेमराज यांची मुलगी भूमिका हिला देते. लहानपणी ती आमच्याकडे केळे खायची आणि साल घेऊन खड्ड्याकडे पळायची. तिच्या वडिलांनी या घरात पाहुणे म्हणून यावे.

३. खड्डा बुजवू नये. त्याचे कारण असे. सासूबाई धुरपदाबाई यांची आधीची मुले जगली नाहीत. म्हणून हे जन्मले तेव्हा फैजपूरला त्यांना उकिरड्यावर ठेवून शेजारणीने उचलून दिले आणि नाव ठेवले उखर्डू. टाकाऊ समजून मृत्यूने सोडून द्यावे म्हणून. सासूबाई म्हणत, "उकिरड्यानं दिला मले हा पोरगा." ह्यांनी घरातले देठ, साल, चहाचा चोथा कधी बाहेर जाऊ दिला नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन माझ्या साड्यांशेजारी वाळत घालायचे आणि वाळल्या की भंगारवाल्याला द्यायचे. नवी नवरी असताना मला लाज वाटे. पुढे पिशव्या नसल्या की दोरी ओकीबोकी वाटू लागली.

४. हे गेल्यावर उत्तरकार्याच्या पत्रिकेत प्रेमराज यांनी नाव छापले, "कै. उत्तमराव". मी विचारले तर म्हणाले, "वहिनी, पत्रिका चार लोकांत जाते. आपण काय कचरा आहोत का?" म्हणून फाटकावर "उखर्डू रुपचंद भंगाळे" अशी पाटी कायम राहावी. भूमिकाच्या लग्नपत्रिकेतही काकांचे नाव तेच छापावे, ठळक. पत्रिका वाटायला मुलीचे वडीलच जातात.

५. गेल्या वर्षी मी दवाखान्यात असताना प्रेमराज यांनी खड्ड्यात मुरूम टाकून वर सिमेंट ओतले, स्वतःची गाडी लावायला. मला म्हणाले, "तुमच्या तब्येतीसाठीच केलं, वहिनी. मच्छर होतात." माझ्या तब्येतीची चौकशी तेवढी एकदाच झाली. सिमेंट मी फोडून घेतले. त्याचा मलबा पोत्यांत भरून ठेवला आहे, तो मी प्रेमराज यांना देते. घंटागाडी मलबा घेत नाही.

६. औषधपाण्यातून बँकेत जे उरेल ते जामनेरच्या माझ्या बहिणीला द्यावे. घमेले, फावडे व खताची चाळणी भूमिकाला. चाळणीची मूठ ह्यांच्या हाताने गुळगुळीत झाली आहे, बदलू नये.

७. माझी रक्षा तापीत सोडावी, पण त्यातली एक मूठ खड्ड्यात मिसळावी. त्या खतावर भूमिकाने फैजपूरचा केळीचा कंद लावावा. पहिल्या घडाची सगळ्यात चांगली फणी प्रेमराज यांच्याकडे पाठवावी. त्यांना केळी आवडतात, ते नाही म्हणणार नाहीत. खाऊन झाल्यावर माझी शेजारीण दिपमाला, जिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते, हिने हे कलम त्यांना सावकाश वाचून दाखवावे. तोवर त्यांना पहिली सहाच दाखवावीत.

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
सही: रत्ना उखर्डू भंगाळे

साक्षीदार:
१. हिलाल पाटील, शेजारी. रत्नाताईंनी माझ्यासमोर सही केली.
२. मंजुळाबाई चौधरी, शेजारीण. माझ्यासमोरही केली. सातव्या कलमाबद्दल मी कुठे बोलणार नाही. फणी पोहोचवायला मात्र मी जाईन.