सहा घाव

कास्तान्येतो, ६ नोव्हेंबर

चि. सौ. वेनेरीनास चिरीनोदादाचे अ. उ. आ.

एटनाबाई परवा कुशीला फाटली. माथ्यावरून ओकली असती तर राख झटकून कामाला लागलो असतो. कुशीतून आली की घरं घेते, हे तुला काय सांगायचं! लाव्हा चेस्टनटच्या राईत शिरलाय. कडा निवून काळ्या भिंती धरतात आणि मधून विस्तव सरकतो. परवा सकाळी आम्ही बाराजण ओली कातडी पांघरून पूर्वेची भिंत पहारींनी फोडणार. खाली कोरडा ओढा आहे, तिकडे जाऊ दे. नाहीतर माझं घर चार दिवसांचं.

सासूबाईंना नमस्कार. ओरात्सियो मेव्हण्याला सांग, यंदाही दारू आमचीच सरस. लोभ असावा.

तुझा दादा


वाल्लेबास्सा, ७ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तो ओढा कुठे उतरतो, विसरलास? माझ्या उंबऱ्याशी! घरधन्याने बंदूक पुसायला काढलीय. भिंतीला हात लावील त्याला आडवा करू, असं सगळा गाव म्हणतोय. फोडणाऱ्यांत माझा भाऊ आहे म्हटलं, तर म्हणाले, मग त्याला कळव.

सासूबाई खाटेवरून उठत नाहीत, त्यांना पाठीवर घेऊन मी किती पळू? दारू तुमचीच चांगली, बाबा, चर्चच्या दारात उभी राहून सांगते. पण भिंत फोडू नकोस. पाया पडते.

तुझीच वेनेरीना


कास्तान्येतो, ९ नोव्हेंबर

चि. सौ. वेनेरीनास अ. उ. आ.

उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय, म्हणून मी सांगतोय आणि तुझी वहिनी कर्मेला लिहितेय. खेचरवाल्याने तुझं पत्र भिंतीपाशीच आणून दिलं. तोवर मी सहा घाव घातले होते आणि भोकातून लाल रस निघू लागला होता. वाचलं आणि पहार टाकली. दगड लोटून भोक बुजवलं. आमचीच माणसं अंगावर धावून आली, पण तासाभरात ते निवून बंद झालं.

आता घर उद्या जाणार. कर्मेलाने झाडून पुसून टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि दारूची सुरई मांडलीय. दारी आलेल्या एटनाबाईला उपाशी कसं ठेवायचं, मागच्या वेळी आपल्या आईनेही मांडलंच होतं. ती मांडत होती आणि मी पोरासारखा रडत होतो. गावात कोणी बोलत नाही, गाडीत जागा देत नाही. मंगळवारी पोरांना घेऊन पायीच निघतो. थारा दे, बाई.

दादा


वाल्लेबास्सा, १२ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

माझी जीभ झडो. तुझं पत्र आलं तेव्हा मी अभिमानाने चर्चच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं, की बघा, माझ्या भावाने आपल्यासाठी घर सोडलं. बायकांनी तुला दुवा दिला.

काल दुपारी भिंत आपोआप फुटली. तू बुजवलेल्या जागेपासून बरीच खाली. गुराख्याने डोळ्यांनी पाहिलं. ओढा धरून विस्तव आला, चौदा घरं गेली. सासूबाईंना खाटेसकट काढलं, पण त्या वाटेतच गेल्या. आता त्याच बायका म्हणतात, सहा घाव घातले, त्यानेच लिहिलंय की! बुजवल्याचं कोणाला आठवत नाही. गुराख्याचं कोणी ऐकत नाही.

ओरात्सियो आईला पुरून आला तो बंदूक घेऊन वाटेवर बसलाय. मी सांगून सांगून थकले. तो एवढंच म्हणतो, सहा.

पोरांना घेऊन समुद्राकडे जा. माझ्यावरचा लोभ तसाच राहू दे, पण इकडे येऊ नकोस. मी दारात उभी राहून हाक मारली, तरी येऊ नकोस.

वेनेरीना