रुपालीचा चिचोका

चिमूर,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेमिलाबाई,

नमस्कार. धान कापून झाला असेल. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते तेल लागू पडलं का? तुम्ही दिलेले सुके झिंगे आईने पुरवून पुरवून खाल्ले. फोनच करणार होते, पण तुमचा आवाज ऐकायची हिंमत होईना.

तुमच्या माणसांचा तो नकाशा आमच्या संस्थेच्या सरांना फार आवडला. अंगणात रांगोळीची वर्तुळं, मध्ये तुम्ही, आणि अडीनडीला धावून येणारं माणूस जितकं जवळचं तितका त्याचा चिचोका जवळ. नागपूरच्या सभेत तो दाखव म्हणतात. मी दाखवणार नाही.

परवा रुपालीचा फोन आला. समाजाने तुमच्याशीही बोलचाल बंद केली, तलावात जाळं टाकू देत नाहीत, मळणीला कोणी फिरकलं नाही, असं म्हणाली. जातीबाहेर लग्न केलं म्हणून वाळीत टाकलेल्या या मैत्रिणीशी तुम्ही बोलता, हे कधीतरी कळणारच होतं. कोंबडं झाकून उजाडायचं थोडंच राहतं, अशी मी मनाची समजूत घातली.

खोटं आहे ते. कळलं नसतं. मी सांगितलं.

तिचा चिचोका ठेवताना तुम्ही हळूच म्हणाला होतात, "कोनाले सांगू नोका, मॅडम." मी मान डोलावली होती. मग तलावावरून बाया आल्या, भोवती बसल्या, आणि मी हुरळले. सगळ्यांनी मिळून नकाशा करावा, असंच आम्हाला शिकवलेलं. सासूबाईंनी विचारलं, "हा एवढ्या जवळचा कोनाचा वं?" तुम्ही खाली बघत म्हणालात, "असाच पडला." आणि मी शहाणी, वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखी बोलून गेले, "असाच कसा? रुपालीचा ना तो!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. रागावला असतात तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटते, बाई.

येत्या रविवारी समाजाची बैठक आहे म्हणे. मी येते. चूक माझी, असं सगळ्यांसमोर सांगेन. तुमची कसली चूक? मैत्रिणीशी बोललात, एवढंच. ते ऐकतील की नाही, माहीत नाही.

पत्र रुपालीच्या पत्त्यावर पाठवतेय. आता तुमच्या दारात तीच तेवढी येते.

त्या दिवशी सगळ्यात आधी तुम्ही एक चिचोका माझाही ठेवला होता. "तुमाले का परकं समजतो मी?" म्हणाला होतात. तो अंगणाबाहेर फेका. कोणी विचारलं कोणाचा, तर नाव खुशाल सांगा.

तुमच्या विश्वासाला न जागलेली,
संघप्रिया