फुलचंदची मान

२ नोव्हेंबर २००६, आर्णी

मोडणार. त्याची मान मोडणार — हे पहिले लिहून ठेवतो, मग बाकीचं.

वही ताईची आहे. मागच्या पानांवर मापं आहेत, छाती, कंबर, बाही. शिलाई बंद झाली तशी कोरी पानं पडून होती. मी उलटीकडून सुरू केली.

ताई बाजेवर आहे. माझी ताई, प्रभावती! घाटंजीच्या बाजारातून डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन माझ्या पुढं चालायची. मी मागून रिकाम्या हातानं धापा टाकत. ती आता भिंत धरून मोरीपर्यंत जाते.

मी आदिलाबादले होतो. कापसाच्या गठाणी उचलत होतो. मग एक ट्रकवाला म्हणाला चल हैदराबाद, तं गेलो. काही कारण नव्हतं. चार महिने घरी पत्ता दिला नाही. दिवाळीच्या टाइमाले आलो तं हे.

मायनं सांगितलं ते असं. जूनमध्ये ताई बैलबंडीवरून पडली, मानेवर. तेव्हा काही झालं नाही. महिन्याभरानं मशीनवर वाकली की मानेतून करंट जाई, थेट टाचेपर्यंत. सगळे म्हणाले मान सरकली. मग बोरी अरबचा फुलचंद. मान बसवतो म्हणे. हनुवटीखाली दुपट्टा घालून झटका देतो. दर बाजाराले नेलं, दोन महिने. तो म्हणे, "बसून राह्यली, अजून दोन बाजार." आठव्या झटक्यानंतर चार दिवसांनी एका डोळ्यापुढं धूर आला. अन् पाय गेले.

मी तेव्हा चारमिनारजवळ बांगड्या पाहत उभा असन. घेतल्या पण नाही.

४ नोव्हेंबर

नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची गोष्ट माय रडत सांगते अन् ताई हसत.

यवतमाळकडून आलो म्हटल्यावर तिथल्या नव्या डॉक्टरनं पहिलं विचारलं — औषध घेतलं का? माय म्हणाली, घेतलं ना, सकाळीच घेतलं. माय फुलचंदच्या पाल्याचा रस सांगून राह्यली होती. तो समजला फवारणीचं! यंदा आपल्याकडून जो जाते तो तेच पिऊन जाते, त्याची तरी काय चूक. ताईले आडवं केलं, दोघांनी हात धरले, नाकात नळी घालाले निघाले. ताई ओरडली, "अहो मी मराले नाही आली, मान दाखवाले आली!"

मले हसू आलं. मग तिचा एक पाय बाजेवरून खाली लोंबत होता तो तिनं हातानं उचलून वर ठेवला. स्वतःचा पाय, हातानं. लाकूड उचलल्यासारखा.

हसू गेलं.

९ नोव्हेंबर

ताईले घेऊन नागपूर. दुसऱ्यांदा दाखवाले. या खेपेले मी होतो.

डॉक्टर मॅडमनी मानेचा फोटो उजेडावर धरला. मल्टिपल स्क्लेरोसिस, हे नाव मी कागदावर पाहून तीन वेळा म्हटलं तेव्हा जमलं. शरीर स्वतःच्याच नसांवर उठते. नसांवरचं आवरण सोलून निघते. पहिल्या खेपेच्या पाच दिवसांच्या सलाइननं डोळा परत आला, पायही थोडे आले. परत होऊ शकते, पुढं औषधं लागतील.

मी विचारलं, मान झटकल्यानं झालं ना?

मॅडम म्हणाल्या, "नाही. पडल्यानं नाही, झटक्यानंही नाही. तो आजार येणारच होता. पण अशा मानेला कुणी झटका द्यायचा नसतो. आणि उपचाराचे दोन महिने वाया गेले."

हे पण म्हणाल्या — वाकल्यावर मानेतून असा करंट जातो तेव्हा बहुतेक दोन कारणं. एक हे. नाहीतर मणका आत घुसून मज्जारज्जू दाबतो. तसं असलं तर लवकर ऑपरेशन, उशीर केला तर माणूस लुळा. म्हणून फोटो काढल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

जीप अब्रारची होती. अब्रार मेकॅनिक, माझ्यासोबत आठवीत नापास झालेला. येताना कळंबजवळ चहा पिताना त्याले सांगितलं. तो बोनेट उघडून वायर दाखवते. "समजलो यार. कव्हर उखड़ गया. बल्ब ठीक, बॅटरी ठीक, मगर बीच में शॉर्ट मारून राह्यलं." मॅडमपेक्षा चांगलं सांगितलं त्यानं.

१० नोव्हेंबर

झटक्यानं नाही म्हणते मॅडम. मी झटक्यानंच धरतो.

१६ नोव्हेंबर

बोरी अरब. बाजार.

दारव्ह्यापासून शकुंतला रेल्वेनं गेलो. जीप सोडून काहून गेलो मलेच माहीत नाही, पण ती गाडी इतकी हळू चालते की उतरून बोरं तोडून परत चढता येते. तोडली. शेजारच्या म्हातारीले अर्धी दिली. तिनं तिच्या सुनेची पूर्ण कथा सांगितली. ती कथा ऐकता ऐकता मी कशाले चाललो तेच विसरलो. मग ठेसन आलं अन् आठवलं.

फुलचंद बाजाराच्या टोकाले बसते, चिंचेखाली. पंचावन्न-साठचा. मले वाटलं होतं दांडगा असन. बारीक माणूस, पांढरी टोपी, कानात अत्तराचा बोळा. पैसे घेत नाही! नारळ घेते फक्त. पैसे घेतले तं हातातलं जाते म्हणे. मले तं लुटारू पाहिजे होता. लुटारूचा राग करणं सोपं जाते.

एक बाप्या बसला. दुपट्टा हनुवटीखाली गेला. झटका! कट् असा आवाज. बाप्या उठला, मान फिरवली, हसला. रांगेतले सगळे हसले. तोच आवाज ताईच्या मानेतून आठ वेळा निघाला.

मी पाच पावलांवर होतो. त्यानं मले पाह्यलं अन् विचारलं, चहा घेता का?

घेतला. हरामी मी.

१७ नोव्हेंबर

अब्रारले सांगितलं, कसं करावं ते विचारून राह्यलो. हात तोडू का, झोपडी जाळू का, का त्याच्याच दुपट्ट्यानं.

तो नट घासत होता. "मोड गर्दन. मग तुझी माय दोन बाजा सांभाळते का? एक घरी, एक जेलमध्ये?"

मी म्हणालो, तुझी बहीण असती तं?

"असती तं मी चार महिने घर सोडून गेलो नसतो," म्हणाला. अन् वर पाह्यलं पण नाही.

दोन दिवस त्याच्याशी बोलणार नाही.

२३ नोव्हेंबर

असं होईल असं वाटलं नव्हतं! सगळं लिहितो.

मी पायाळू आहे, हे वहीले कसं माहीत असणार. आईच्या पोटातून पायाकडून आलो. पायाळूचा पाय लागला की कमरेतली चमक जाते, असं लोक समजतात. लहानपणापासून गल्लीतल्या म्हाताऱ्या उपड्या पडत अन् मी त्यांच्या पाठीवर पाय टेकवत फिरे. पायाळूले गुप्तधन दिसते म्हणतात, म्हणून एकदा दोघांनी मले घाटंजीच्या रानात नेलं होतं. मी बोट दाखवीन तिथं खणत होते. मी मजेत सात जागा दाखवल्या! एका खड्ड्यात घोडीचा नाल निघाला. आकाशात वीज कडाडली की माय अजून मले दारातून आत ओढते, वीज पायाळूवरच पडते म्हणून.

तं आज बोरीच्या बाजारात एक हमाल पोतं उचलता उचलता वाकडा झाला. मी सवयीनं त्याले पालथं पाडलं, तीन वेळा पाय टेकवला. तो उठला. चमक कधी कधी अशीच जाते, मले माहीत आहे. पण फुलचंदनं पाह्यलं.

"पायाळू का गा, बाबू?"

हो म्हणालो.

"मी सहा महिने झाले पायाळू शोधून राह्यलो. सगळ्यांची मान मी बसवतो. माझी कोण बसवणार?"

अन् तो झोपला. माझ्यासमोर, सतरंजीवर, पालथा. टोपी काढून बाजूले ठेवली. मानेवर पांढरे केस, मधात एक खड्डा, त्यात घाम.

मी चप्पल काढली. टाच त्या खड्ड्यावर ठेवली. माझं वजन बासष्ट किलो. एका पायावर उभं राहायचं, बस. इतकंच बाकी होतं.

त्यानं खालून सांगितलं, "जरा वाकलो की करंट जाते, बाबू. टाचेपर्यंत."

मी पाय तसाच ठेवला. दाबला नाही.

२४ नोव्हेंबर

काहून दाबला नाही? दया आली नाही. लिहून ठेवतो, दया आली नाही.

मले मॅडम आठवल्या. लवकर ऑपरेशन, नाहीतर लुळा. एवढं बोरी अरबच्या बाजारात फक्त मले माहीत आहे.

मोडाची गरजच नाही. मी त्याले बरं करणार. दर बाजाराले. त्यानं ताईले केलं तसं.

३० नोव्हेंबर

गेलो. तो वाटच पाहत होता. मी कुठला विचारलं. आर्णीचा म्हणालो, नाव इंद्रजित सांगितलं. खोटं कशाले बोलू. ताईचं नाव काढलं नाही.

सदऱ्याची बटणं त्याले लागत नाहीत, त्याच्या बायकोनं लावून दिली. हंसाबाई तिचं नाव. त्यानं मानेवर माझा पाय घेतला अन् डोळे मिटले. नंतर म्हणाला हलकं वाटते. हंसाबाईनं भाकर अन् ठेचा दिला. ठेच्यात जवस होता. आपल्या घरी ताई करायची तसा. दोन भाकरी खाल्ल्या.

नारळ घेऊन आलो. मायनं विचारलं कुठला. बाजारातला, म्हणालो.

७ डिसेंबर

ताई काल दारापर्यंत चालली! काठी न घेता. बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती तिनंच लावली, हात थरथरत होता, पण लावली. माय रडली. माय कशालेही रडते.

घाटंजीचा एक माणूस चुंबकाची गादी विकाले आला होता. झोपलं की नसा सरळ होतात म्हणे. माय लगेच पाघळली. ताई म्हणाली, "भाऊ, गादीवर झोपून बरं व्हाचं असतं तं मी तीन महिने झोपूनच हाय." तो गेला.

मग मले विचारते, तू दर बाजाराले बोरीले काहून जाते? पोरगी पाह्यली का?

मी लाजल्यासारखं केलं. ती खूश झाली. मी घरी आल्यापासून पहिल्यांदा तिनं मले चिमटा काढला.

सांगावं वाटत होतं. सगळं बरोबर झालं की सांगीन.

१४ डिसेंबर

आज तो चिंचेपर्यंत येताना एक चप्पल मागं राह्यली. त्याले कळलंच नाही. अनवाणी पायानं काट्यावरून आला, तेही कळलं नाही. मी काटा पाह्यला, बोललो नाही.

चहाचा कप हातातून पडला. हसला. म्हणाला, आता लोकांले हात लावत नाही मी, हातात जोर नाही, तुझ्याकडंच पाठवतो, तुझा गुण चांगला हाय.

पाय ठेवला. मग त्याचेच शब्द त्याले दिले —

"बसून राह्यली. अजून दोन बाजार."

त्यानं माझ्या पायाले हात लावून तो कपाळाले लावला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस.

झालं तं. हेच पाहिजे होतं ना?

१५ डिसेंबर

जेवलो नाही. पोट ठीक आहे. उगाच.

१७ डिसेंबर

अब्रारकडे गेलो, सांगाले म्हणून. तो एका फटफटीच्या खाली होता. विचारलं, ब्रेकची वायर तुटत चालली ते मेकॅनिकले दिसलं अन् तो बोलला नाही तं?

"तं मेकॅनिक नाही," म्हणाला. "मग दुसरा शब्द हाय." तो शब्द लिहीत नाही.

पुढचं बोललो नाही. मग त्याच्यासोबत जवळा गावच्या जिनिंगवर गेलो, तिथं कापसाच्या ढिगावर उड्या मारल्या लहानपणासारख्या, शेठ ओरडेपर्यंत. संध्याकाळी येताना वाटलं, बाजाराले जाऊन सांगून टाकू. मग घरी ताईनं मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला अन् तो तिच्यानं हलला नाही.

नाही सांगणार.

२१ डिसेंबर

गेलो नाही बाजाराले. काहून माहीत नाही.

२२ डिसेंबर

सकाळी हंसाबाई आली. आर्णीत पायाळू कुठं राहते विचारलं की शेंबडं पोरगंही आमचं घर दाखवते. हातात नारळ. दारात ताई होती. हंसाबाईनं तिले ओळखलं — "तू प्रभा ना?" — अन् खालीच बसली. फुलचंद परवापासून उठला नाही. दोन्ही पाय गेले, लघवी अडली. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही, फक्त इंद्रजितचा पाय पाहिजे म्हणते.

ताईनं पाणी दिलं. विचारलं, वाकल्यावर करंट जायचा का? हंसाबाई म्हणाली, सहा-सात महिन्यांपासून.

ताई माझ्याकडं वळली. "तुले माहीत होतं?"

हो.

"त्याले माहीत नव्हतं, इंद्र्या."

इतकंच. मग तिनं अब्रारले जीप आणाले लावली अन् मॅडमचा कागद पोलक्यात घातला. आधी बोरी, मग नागपूर. रस्ता खराब, त्याची मान हलू नये म्हणून कोणी तरी दोन्ही हातांनी धरून बसलं पाहिजे. मी म्हणालो, ताई, तुझ्यानं होणार नाही, मी धरतो.

ती दांडी धरून जीपमध्ये चढली, पाय हातानं उचलून आत घेतले.

"तू नको."